पाव मिलिमीटरचा हिशोब: एअर पिस्तुलाचं कागदी कार्ड अचूक कसं मोजावं

साडेचार मिलिमीटरचा छर्रा कागदातून आरपार गेला तरी मागे राहिलेलं छिद्र साडेचार मिलिमीटरचं दिसत नाही. छर्रा जाताना कागदाचे तंतू मागे ढकलले जातात, तो निघून गेला की थोडे परत येतात आणि छिद्र आकसतं. डोळ्याला ते चार मिलिमीटरचं दिसतं, कधी त्याहूनही लहान. स्कोअर मात्र छिद्राचा द्यायचा नसतो, छर्र्याचा द्यायचा असतो. गुण मोजायच्या टेबलाभोवती "सर, लागालाय बघा दहाला!" म्हणून जो गलका होतो, त्यातला बराचसा या फरकातून येतो. गंमत म्हणजे ओरडणारा पुष्कळदा बरोबर असतो आणि मोजणारा चुकलेला असतो.

बेळगाव शहर घ्या, नाहीतर खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा खर्च लहान रेंजला झेपत नाही. तिथे पुलीवरून सरकत येणारं कार्ड, म्हणजे कागदी टार्गेट, भिंग आणि छिद्रात घालून मोजायचा गेज एवढ्यावरच काम चालतं. खालची माहिती मुख्यतः १० मीटर एअर पिस्तुलाच्या कार्डाची आहे. २५ मीटरमध्ये काय बदलतं ते शेवटाकडे आहे.

आधी कार्डच खरं आहे का ते बघा

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचं कार्ड १७० मिलिमीटर चौरस असतं. दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मिलिमीटर. तिथून बाहेर प्रत्येक रिंग व्यासात १६ मिलिमीटरने वाढते: नऊ २७.५, आठ ४३.५, सात ५९.५, सहा ७५.५, पाच ९१.५, चार १०७.५, तीन १२३.५, दोन १३९.५ आणि एक १५५.५. दहाच्या आत ५ मिलिमीटरचा इनर टेन. व्यासात १६ म्हणजे त्रिज्येत ८. हा आठचा आकडा लक्षात ठेवा, पुढे गेजचा सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

सरावासाठी पुष्कळ जण कार्ड संगणकावरून छापून घेतात किंवा झेरॉक्स काढतात. छापताना प्रिंटरवर "पानात बसवा" हा पर्याय चालू राहिला, की चित्र तीन-चार टक्क्यांनी लहान होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन टक्के कमी झालं तर १५५.५ ची रिंग जेमतेम १५०.८ भरते आणि दहाची ११.१५. अशा कार्डावर खरा गेज लावला तर तो खोटं सांगणार, कारण गेजचं माप कार्डाच्या मापावर बेतलेलं असतं. छापून आलेल्या गठ्ठ्यातली दोन-तीन कार्डं काढा आणि व्हर्नियर कॅलिपरने एकची रिंग आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून मोजा. मोठी रिंग मोजली की चूक चटकन दिसते. दहाच्या रिंगवर तीच चूक तिसऱ्या भागाएवढ्या मिलिमीटरची असते आणि नजरेतून सुटते. आडवं आणि उभं माप वेगळं आलं तर कार्ड लंबगोल छापलं गेलंय. असा गठ्ठा स्पर्धेला वापरू नका.

कागदही महत्त्वाचा. ७०-८० जीएसएमचा साधा झेरॉक्स कागद छर्र्याने कापला जात नाही, फाटतो. चांदणीसारख्या चार-पाच चिरा पडतात आणि छिद्राची कड कुठे आहे तेच कळत नाही. जाड, खरबरीत, चकाकी नसलेला कागद हवा. मागे पुठ्ठा कार्डाला घट्ट चिकटून असावा. कार्ड आणि पुठ्ठ्यात पोकळी राहिली की चांगला कागदसुद्धा फाटतो. छर्राही सपाट डोक्याचा घ्या. तो कागदात पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतो; टोकदार किंवा गोल डोक्याचा छर्रा कागद बाजूला सारून घुसतो आणि मागे नुसती चीर ठेवतो.

आणि पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची हवा कागदात शिरते. अथणीकडे तो त्रास नाही म्हटला तरी चालेल. दमट कार्डाचे तंतू लांब फाटतात, छिद्र जवळजवळ मिटून जातं आणि गेजची दांडी आत जाताना नवी चीर पाडते. कार्डं झाकणाच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दिवसाला लागतील तेवढीच बाहेर काढा. भिंतीला लागून ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवू नका, ओल तिथूनच येते.

रेषा कुणाची?

नियम एका ओळीचा आहे: छर्रा वरच्या रिंगच्या रेषेला बाहेरून नुसता टेकला तरी वरचा गुण. रिंगचं माप तिच्या रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरतात, म्हणजे रेषेची जाडी आतल्या, जास्त गुणाच्या रिंगची असते. "अर्धी रेषा कापली पाहिजे" किंवा "छिद्राचा मध्य आत पाहिजे" असं सांगणारे जुने जाणकार भेटतात. ते एकतर चुकीचं शिकले आहेत किंवा दुसऱ्या कुठल्या खेळाचा नियम सांगताहेत.

एका जागी नवशिका हमखास फसतो. कार्डाचा काळा भाग सातच्या रिंगवर संपतो. तिथे वेगळी रेषा नसते, काळ्याची कड हीच सातची रेषा. छर्रा पांढऱ्यात पडला पण काळ्याला टेकला तर तो सात आहे, सहा नाही. आणखी एक: नऊ आणि दहाच्या रिंगमध्ये आकडे छापलेले नसतात, आकडे एक ते आठपर्यंतच. घाईत आठचा आकडा बघून मनात एक-एक वाढवत गेलं की कधी कधी इनर टेनची रेषा दहाची समजली जाते आणि पठ्ठ्याचा दहा नऊवर येतो.

टेबल

टेबलावर दोन माणसं हवीत. पहिला मोजून आकडा लिहितो, दुसरा स्वतंत्रपणे बघून मान्य करतो. दुसऱ्याने पहिल्याचा आकडा ऐकून मान हलवायची नाही. आधी स्वतःच्या मनाशी आकडा ठरवायचा, मग ताडून बघायचा. दोघांचं जमलं नाही तर निर्णय ज्युरीचा.

कार्डांवर रिले (एका वेळी उभी राहणारी नेमबाजांची तुकडी), लेन आणि शॉटचा क्रमांक फैरी झाडायच्या आधीच लिहिलेला असावा. सरावाच्या, म्हणजे साइटिंगच्या कार्डावर उजव्या वरच्या कोपऱ्यात तिरकी काळी पट्टी असते. ती नसेल तर स्वतः काढा, नाहीतर साइटिंगचं कार्ड गठ्ठ्यात मिसळलं की साठऐवजी एकसष्ट कार्डं होतात आणि कुठलं काढायचं यावर तासभर जातो. नेमबाजाला कार्ड बघू द्यावं, हात लावू देऊ नये. परवडत असेल तर एका कार्डावर एकच शॉट घ्या. पाच शॉटच्या कार्डावर कागद वाचतो, पण भांडण वाढतं. एकावर एक पडलेल्या छिद्रांचा माग काढायला मग लेनच्या नोंदवहीशिवाय आधार उरत नाही.

उजेडाचं म्हणाल तर डोक्यावरची ट्यूब पुरत नाही. टेबललॅम्प बाजूने, कमी उंचीवरून टाका. तिरक्या उजेडात छिद्राची खरी कड आणि नुसता चुरगळलेला कागद यातला फरक दिसतो. भिंग पाच-सहा पटीचं पुरे. दहा पटीच्या भिंगात कागदाचे तंतू इतके मोठे दिसतात की रेषाच हरवते.

आधी डोळा, मग गेज

सगळी कार्डं आधी नुसत्या डोळ्यांनी बघा आणि दोन ढीग करा: ज्यांचा गुण उघड आहे ती एकीकडे, शंकेची दुसरीकडे. छिद्राची दिसणारी कड रेषेला स्पष्टपणे टेकलेली असेल तर वरचा गुण द्या आणि पुढे चला, गेज लागत नाही. छिद्र रेषेपासून अर्धा-पाऊण मिलिमीटर लांब असेल तरीही गेज नको, खालचा गुण पक्का. गेज लागतो तो मधल्या पट्ट्यात.

हा पट्टा किती रुंद? समजा छिद्र ४ मिलिमीटरचं दिसतंय. छर्रा ४.५ चा, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.२५ मिलिमीटर लपलेलं आहे. कार्डावरची रेषा ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाड असते. तेव्हा छिद्र आणि रेषेच्या मध्ये एका-दोन रेषांच्या जाडीएवढी फट दिसत असेल तर ती फट खरी असेलच असं नाही. तिथे गेज.

कडेची चीर बघून फसू नका. छिद्राच्या बाहेर गेलेली फाटकी चीर रेषेला टेकली म्हणून वरचा गुण मिळत नाही. चीर म्हणजे कागदाचं नुकसान, तिथून छर्रा गेलेला नसतो.

गेज कसा काम करतो

एअर पिस्तुलाचा गेज म्हणजे एक दांडी आणि तिच्यावर चकती. दांडी छर्र्याच्या छिद्रात अलगद बसते. चकतीचा व्यास ११.५ मिलिमीटर. अनेकांना वाटतं की चकतीची कड दहाच्या रेषेला टेकली की दहा. तसं नाही. हा गेज बाहेरच्या बाजूने वाचायचा असतो.

गणित सोपं आहे. चकतीची त्रिज्या ५.७५. छर्र्याची त्रिज्या २.२५. दोन्हींची बेरीज नेमकी ८, म्हणजे दोन रिंगमधलं अंतर. त्यामुळे छर्र्याची केंद्राकडची कड ज्या क्षणी दहाच्या रेषेला टेकते, त्या क्षणी चकतीची केंद्रापासून लांबची कड बरोबर नऊच्या रेषेच्या बाहेरच्या काठावर येते. म्हणून वाचन असं करायचं:

दहा की नऊ, अशी शंका असेल तर नऊच्या रेषेकडे बघा. चकतीची बाहेरची कड नऊच्या रेषेच्या बाहेरच्या काठापलीकडे गेली नाही, तर दहा. पलीकडे गेली तर नऊ.
नऊ की आठ, तर आठच्या रेषेकडे.
आठ की सात, तर काळ्याच्या कडेकडे.
सात की सहा, तर सहाच्या रेषेकडे. असंच दोनपर्यंत.

थोडक्यात, मागाल त्याच्या एक रिंग खाली बघायचं, आणि केंद्राच्या विरुद्ध बाजूला. चकती काठावर नेमकी बसली तर वरचा गुण. नियम टेकण्याचा आहे.

एकच्या रिंगच्या बाहेर रेषाच नाही, म्हणून "एक की मिस" या शंकेला हा गेज चालत नाही. तिथे ४.५ मिलिमीटरच्या चकतीचा आतून वाचायचा गेज लावतात: त्याची कड एकच्या रेषेला टेकली तर एक, नाहीतर शून्य.

आता कुणी विचारेल, सरळ ४.५ चाच गेज सगळीकडे का नाही? कारण तो जिथे वाचायचा, तिथेच कागद फाटलेला असतो. दहाच्या आसपास तर रेषेचा तुकडाच उडून गेलेला असतो. मोठी चकती वाचन तिथून उचलून स्वच्छ, न फाटलेल्या कागदावर नेते.

गेज घालताना

कार्ड पुठ्ठ्यावरून सोडवा आणि टेबलावर आडवं, सपाट ठेवा. खाली छिद्राच्या जागी पोकळी हवी. मधोमध भोक असलेली प्लायवूडची पाटी करून ठेवली तर उत्तम. कार्ड हातात उभं धरून गेज लावू नका, चकतीच्या वजनाने कागद वाकतो आणि गेज तिरका बसतो.

मागच्या बाजूने वर आलेले तंतू बोटाने दाबून सपाट करायचा मोह होतो. करू नका. छिद्राचा आकार बदलतो.

दांडी सरळ वरून आणा, छिद्राच्या मध्यावर ठेवा, स्वतःच्या वजनाने उतरू द्या. हलकासा दाब चालेल. फिरवायची नाही, ढकलायची नाही, बाजूला रेटायची तर अजिबात नाही. चकती कागदावर सगळीकडून टेकली की हात काढा. भिंग धरून डोळा बरोबर चकतीच्या वर आणा. तिरकं बघितलं तर चकतीच्या जाडीमुळे कड रेषेच्या आत किंवा बाहेर सरकल्यासारखी दिसते. दुसऱ्याने उठून समोरून यायचं आणि तसंच बघायचं. गेज तोपर्यंत आतच.

निर्णय झाला की कार्डावर छिद्राजवळ गुण लिहा, गेज लावल्याची खूण करा आणि दोघांनी आद्याक्षरं टाका. ही खूण फार महत्त्वाची आहे, कारण एका छिद्रात गेज एकदाच घालायचा असतो. दुसऱ्यांदा घातला की छिद्र मोठं झालेलं असतं, गेज सैल बसतो आणि पहिल्यापेक्षा वेगळं काहीतरी सांगतो. "परत एकदा बघा की" या विनंतीला नम्रपणे नाही म्हणायचं. गेजने ठरलेल्या गुणावर प्रोटेस्टही, म्हणजे हरकतही, चालत नाही. ज्या छिद्राला गेज लागलाच नाही तिथे, किंवा नोंदीत आणि बेरजेत चूक असेल तर मात्र नेमबाजाला दाद मागता येते.

गेज स्वच्छ ठेवा. शिशाची काळी पूड दांडीवर साचत जाते आणि दांडी जाड होते. दर दहा-पंधरा छिद्रांनी कोरड्या फडक्याने पुसा. चकतीची कड खाली पडून बोथट झाली, की तिचं माप गेलं समजा.

सरावासाठी गेज बनवून घ्यायचा असेल तर बेळगावकरांची सोय चांगली आहे. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत अशा कामाला लेथ आणि मायक्रोमीटर दोन्ही सापडतात. कारागिराला सांगायचं ते एवढं: चकती ११.५० पेक्षा तसूभर मोठी नको, कमी झाली तर ०.०५ पर्यंतच, चकतीचा तळ दांडीशी काटकोनात, कडेला चॅम्फर, म्हणजे तिरकी मोडलेली धार, नको, चॅम्फर फक्त दांडीच्या टोकाला. कारागीर सवयीने सगळ्याच धारा मोडून देतो, म्हणून कडेचं आधीच बजावून ठेवा. स्पर्धेला मात्र मान्यताप्राप्त गेजच वापरा.

गेज जिथे हरतो

दोन छिद्रं एकमेकांत मिसळली असतील किंवा कागद इतका फाटला असेल की दांडी आत डगडगते, तिथे गेज घालू नका. सैल दांडी म्हणजे मोजणाऱ्याच्या मनाप्रमाणे सरकणारी चकती. तिथे पारदर्शक पट्टी लागते: ॲक्रिलिकवर किंवा पातळ पारदर्शक फिल्मवर ४.५ मिलिमीटरचं वर्तुळ आणि त्याच केंद्रातून ११.५ चं वर्तुळ कोरलेलं. छिद्राच्या कडेचा जेवढा शाबूत कमानदार भाग शिल्लक आहे, त्यावर लहान वर्तुळ जुळवा. मग मोठ्या वर्तुळाची बाहेरची कड गेजसारखीच वाचा. कमान तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी शिल्लक असेल तर जुळवणी अंदाजाची होते. तेव्हा तिघांनी वेगवेगळं बघून बहुमताने ठरवलेलं बरं.

शेंगदाण्याच्या आकाराचं छिद्र दिसलं तर त्याची लांबी मोजा. छर्रा तिरका जाऊन भोक थोडं लांबट होऊ शकतं, पण लांबी सात-आठ मिलिमीटर भरली आणि दोन्ही टोकं गोल असली तर ते दोन शॉट आहेत.

दुसऱ्या लेनचा शॉट तुमच्या कार्डावर आला आणि कुठला कुणाचा हे ठरवताच आलं नाही, तर ज्याच्या कार्डावर तो आला त्याला त्यातला जास्त गुणाचा शॉट मिळतो. ज्याने दुसऱ्याच्या कार्डावर मारला, त्याचा तो मिस.

इनर टेन आणि दशांश

एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात असतात, साठ शॉटचे ६००. बरोबरी झाली तर आधी इनर टेनची संख्या बघतात, मग शेवटच्या दहा शॉटच्या सिरीजपासून मागे मागे. म्हणून प्रत्येक दहा इनर आहे की नाही हे नोंदवलंच पाहिजे; शेवटी बरोबरी झाल्यावर गठ्ठा पुन्हा उपसत बसणं म्हणजे डोकेदुखी. इनरसाठी १८ मिलिमीटर चकतीचा वेगळा गेज असतो, आणि तोही नऊच्या रेषेवर वाचतात. चकतीची त्रिज्या ९, इनरसाठी छर्र्याचा मध्य केंद्रापासून जास्तीत जास्त ४.७५ वर, बेरीज १३.७५, म्हणजे नऊच्या रिंगची त्रिज्या. चकती नऊच्या आत राहिली तर इनर.

दशांश गुण अंतिम फेरीत असतात आणि ते काम इलेक्ट्रॉनिक टार्गेटचं. सरावाला मात्र कागदावरूनही काढता येतात. छिद्राच्या मध्यापासून कार्डाच्या केंद्रापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, त्याला ८ ने भागा, ११ मधून वजा करा, पहिला दशांश ठेवा, बाकी सोडून द्या. अंतर ३ मिलिमीटर असेल तर ११ उणे ०.३७५, म्हणजे १०.६२५, गुण १०.६. सगळ्यात वरचा गुण १०.९. एका दशांशाला फक्त ०.८ मिलिमीटर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं रौप्य एवढ्याच फरकाने हुकलं: तिचे २२१.७, पुढे गेलेल्या कोरियन नेमबाजाचे त्या क्षणी २२१.८.

ग्रुपिंगचाही एक शब्द. बेळगावात माजी सैनिक घरोघरी, त्यामुळे कार्ड हातात आलं की पहिला प्रश्न "ग्रुप कसा आहे?", म्हणजे छिद्रं किती जवळजवळ पडली आहेत. प्रश्न चांगलाच आहे, फक्त माप नीट घ्या. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून त्यातून एका छिद्राचा दिसणारा व्यास वजा करा, म्हणजे मध्य ते मध्य मिळतं. ग्रुप लहान आणि गुण कमी असतील तर पिस्तुलाची साइट (नेम धरायची खूण) हलवायची. ग्रुपच पसरट असेल तर साइटला हात लावून काही होणार नाही.

२५ मीटर

निपाणीच्या पलीकडेच कोल्हापूर. तिथल्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं, त्यामुळे या प्रकाराची ओढ आपल्या भागातही आहे. इथे कार्डं दोन. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेमाच्या, कार्डावर दहाची रिंग ५० मिलिमीटर, प्रत्येक पुढची ५० ने मोठी, एकची ५००, आणि काळा भाग सातपर्यंत, २०० मिलिमीटर. रॅपिडच्या, म्हणजे झटपट फैरींच्या, कार्डावर दहा १००, पुढे ८० ची वाढ आणि पाचची रिंग ५००. त्याच्या खाली गुणच नाही, सगळं काळं.

गेज इथे साधा आहे. पॉइंट टू-टू (.२२) कॅलिबरसाठी ५.६ मिलिमीटरची चकती, आतून वाचायची: कड वरच्या रेषेला टेकली की वरचा गुण. छिद्राभोवती शिशाचा आणि ग्रीसचा करडा डाग दिसतो, तो धरायचा नाही. सेंटर फायरला, म्हणजे मोठ्या गोळीच्या पिस्तुलाला, कुठल्याही कॅलिबरसाठी ९.६५ मिलिमीटरचा एकच गेज. आपल्याकडच्या पॉइंट थर्टी-टूची गोळी आठ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तिला प्रत्येक बाजूला पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्तच दान मिळतं. ते नियमातच आहे, संकोच करू नका.

रॅपिडमध्ये कार्ड फिरत असताना गोळी लागली तर छिद्र आडवं लांबट होतं. आडवी लांबी टू-टूला ७ मिलिमीटरपेक्षा, सेंटर फायरला ११ पेक्षा जास्त भरली तर तो शॉट मिस. मोजताना शिशाचा ओरखडा सोडून फक्त छिद्र मोजा.

२५ मीटरला मोजणी टार्गेटजवळच होते आणि मग छिद्रांवर चिकटपट्ट्या लावतात, काळ्यावर काळी, पांढऱ्यावर पांढरी. पट्टी आकडा लिहून, वाचून दाखवून आणि दुसऱ्याने मान्य केल्यावरच लावायची. उत्साही पोरं मोजायच्या आधीच पट्टी घेऊन धावतात. एकाच माणसाकडे पट्टीचं काम द्या.

आकडे लिहिताना

सीमाभागातला हा खास घोळ आहे. टेबलावर एक मराठी, एक कन्नड, स्कोअरशीट इंग्रजी. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि कन्नड एक शून्यासारखा. एक गुण नऊ होतो किंवा दहाचा शून्य हरवतो, आणि बेरीज करणाऱ्याला काही खटकतही नाही. सुरुवातीलाच ठरवा की शीटवर आकडे एकाच लिपीत. तोंडी सांगताना हवं तर तिन्ही भाषांत सांगा. "सात" आणि "साठ" गोंगाटात सारखे ऐकू येतात, म्हणून मोठी बेरीज सांगताना अंक सुटे सुटे उच्चारा.

बेरीज दोनदा करा, पण दोन्ही वेळा त्याच पद्धतीने नको. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा गमावलेले गुण मोजून. सिरीज १०, ९, ९, १०, ८, ९, १०, ९, ९, १० असेल तर गमावले ०, १, १, ०, २, १, ०, १, १, ०, म्हणजे ७. शंभरातून सात गेले, ९३. सरळ बेरीजही ९३ आली तर पुढची सिरीज घ्या. इनर टेनवर फुली मारा आणि सिरीजच्या शेवटी त्यांची संख्या गोल करून लिहा.

कार्डं क्रमाने लावून रबर बँडने बांधा, वरच्या कार्डावर रिले आणि लेन लिहा आणि प्रोटेस्टची वेळ संपेपर्यंत टेबलाच्या आतल्या बाजूला ठेवा. खिडकीजवळ नको, पावसाळ्यात तासाभरात वरचं कार्ड वाकून जातं.